पहिल्या उड्डाणानंतरची वर्षं

भारतातल्या मित्रांशी विमानांवर बोलणं निघालं की हल्ली विषय ॲम्कावरच येऊन थांबतो. आपलं पहिलं स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणारं, लढाऊ विमान. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीनं त्यासाठी सुमारे १५ हजार कोटी रुपये आणि पाच नमुना विमानं मंजूर केली. मे २०२५ मध्ये खासगी कंपन्यांनाही बोली लावता येईल असा आराखडा मान्य झाला. तेव्हापासून वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतोय: ते उडणार कधी? २०२८ की २०२९? एक गट म्हणतो, चीनचं जे-२० जानेवारी २०११ मध्येच उडालं, आपण अजून कागदावर. दुसरा म्हणतो, तुर्कस्तानचं कान २०२४ मध्ये उडालं खरं, पण अमेरिकी इंजिनावर, त्याचं कौतुक कशाला? दोघांचंही लक्ष पहिल्या उड्डाणाच्या तारखेवर. हा वाद चुकीच्या जागी अडकलाय, असं माझं ठाम मत झालंय, आणि त्याला मी राहतो ती जागा बरीचशी कारणीभूत आहे.

मी टेक्सासमध्ये, फोर्ट वर्थजवळ राहतो. अमेरिकेचं एफ-३५ हे स्टेल्थ लढाऊ विमान मुख्यतः इथल्याच कारखान्यात तयार होतं आणि इथूनच पहिल्यांदा आकाशात जातं. त्याचं पहिलं उड्डाण झालं १५ डिसेंबर २००६ ला. विकासाच्या चाचण्या संपल्या एप्रिल २०१८ मध्ये. या अकरा वर्षांत ९,२०० हून अधिक उड्डाणं झाली, १७ हजारांवर तास हवेत गेले, आणि ६५ हजारांहून जास्त मुद्दे एकेक करून तपासले गेले: या उंचीवर, या वेगात, शस्त्रकप्प्याचं दार उघडल्यावर पंख किती थरथरतो, क्षेपणास्त्र सुटताना विमानाच्या पोटाला तर घासत नाही ना.

आणि काय काय बिघडलं! एफ-३५ च्या नौदलासाठीच्या प्रकाराचा हूक सुरुवातीच्या चाचण्यांत, जहाजावर उतरणाऱ्या विमानाला थांबवणारी तार पकडेचना. चाकं तारेवरून गेली की तार जमिनीला चिकटायची आणि मागून येणारा हूक तिच्यावरून निसटायचा. त्याची रचना बदलावी लागली, तेव्हा कुठे नोव्हेंबर २०१४ मध्ये निमिट्झ या जहाजावर ते विमान उतरलं. त्याच वर्षी जूनमध्ये फ्लोरिडात उड्डाण घेतानाच एका विमानाच्या इंजिनाला आग लागली आणि सगळी विमानं काही काळ जमिनीवर बसवली गेली. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती शेपटीची गोष्ट. एफ-३५ च्या बी आणि सी प्रकारांत आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा जोर देणारी यंत्रणा) लावून ध्वनीहून जास्त वेगानं उडताना शेपटीकडचा रडार शोषणारा लेप उष्णतेनं फुगून खराब झाल्याचं चाचण्यांत दिसलं. अखेर तो वेग किती काळ ठेवायचा, यावर मर्यादा घातली गेली. स्टेल्थ ही एकदा मिळवली की कायमची राहिली, अशी गोष्ट नाही. ती प्रत्येक उड्डाणात झिजते आणि जमिनीवर माणसांना परत उभी करावी लागते. आपल्याकडच्या चर्चेत रडारवर विमान किती छोटं दिसेल याचे आकडे फेकले जातात, लेप टिकेल किती हे कोणी विचारत नाही.

हे सगळं मला कळलं, कारण ते लिहून प्रसिद्ध झालं. अमेरिकी काँग्रेसनं १९८३ मध्ये संरक्षण खात्यात चाचण्यांसाठी एक स्वतंत्र कार्यालय निर्माण केलं. ते दर वर्षी जाहीर अहवाल देतं. सरकारी हिशेब तपासणारी यंत्रणा, म्हणजे जीएओ, तिचे अहवाल वेगळे. एफ-३५ च्या उणिवा त्यात वर्षानुवर्षं छापून आल्या. गुप्त ते गुप्तच राहिलं, रडारचे नेमके आकडे कुणी उघड केले नाहीत. पण हूक चुकतोय, सॉफ्टवेअर अपुरं आहे, सुटे भाग मिळत नाहीत, हे जगाला कळलं आणि तरीही देशामागून देश ते विमान घेत राहिले.

इथलं सगळंच उचलून घ्यावं असं मी म्हणत नाही. चाचण्या संपायच्या आधीच उत्पादन सुरू करण्याची घाई इथे फार महाग पडली. पूर्ण वेगानं उत्पादनाला औपचारिक मंजुरी मिळाली मार्च २०२४ मध्ये, तोवर जवळपास हजार विमानं बाहेर पडली होती. जीएओच्या हिशेबानं या विमानाचा सगळ्या आयुष्याचा खर्च दोन लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलाय. आणि ज्या चाचणी कार्यालयाचं मी कौतुक करतोय, त्याचं मनुष्यबळ मे २०२५ मध्ये संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी निम्म्यावर आणलं. मला ते फार चुकीचं वाटतं.

आता आपल्याकडे बघा. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरच्या एचएएल कारखान्यात बनलेलं पहिलं तेजस एमके-१ए, म्हणजे आपल्या तेजस लढाऊ विमानाची सुधारित आवृत्ती, उडालं. माझ्या नाशिककर नातेवाइकांना आकाश ठेंगणं झालं होतं, मलाही. त्यानंतर पाच आठवड्यांत, २१ नोव्हेंबरला, दुबईच्या हवाई प्रदर्शनात तेजस कोसळलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. ज्यांनी अभिमानाचे संदेश पाठवले होते त्यातलेच काही जण विमानाला भंगार म्हणू लागले. मला त्या रात्री दुःखाइतकाच संताप आला. तेजस जानेवारी २००१ मध्ये पहिल्यांदा उडालं, लढाईसाठी पूर्ण सज्ज असल्याचा दाखला मिळाला फेब्रुवारी २०१९ मध्ये. मधल्या अठरा वर्षांत त्याच्या चाचण्या घेणारी माणसं काय करत होती हे लोकांना दर वर्षी कळत असतं, तर एका अपघातानं मत असं गरकन फिरलं नसतं. चाचणी वैमानिकाच्या कामाची जोखीम आपल्याला नवी नाही. ग्रुप कॅप्टन सुरंजन दास १९७० मध्ये बंगळूरला मरुत हे भारतीय बनावटीचं लढाऊ विमान उडवताना गेले. त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पण त्या चाचण्यांबद्दल किती जणांना ठाऊक आहे?

आपल्याकडे कॅग आहे, हे खरं. तेजसवरचा त्यांचा २०१५ चा अहवाल कडक होता. त्यात ठरलेल्या निकषांतून दिलेल्या ५३ सवलतींची नोंद आहे, वीस कायमच्या आणि ३३ तात्पुरत्या. पण तो आला पहिल्या उड्डाणानंतर चौदा वर्षांनी. चूक तेव्हाच सुधारता येते जेव्हा ती वेळेवर समोर येते.

माझा एक आतेभाऊ म्हणतो, "उणिवा छापल्या तर चीन-पाकिस्तानच्या हातात आयतं कोलीत." ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण लेपाचं रसायन आणि रडारचे आकडे झाकून ठेवूनही किती उड्डाणं ठरली होती, किती झाली, किती दोष सापडले, किती मिटले, कोणता कशामुळे अडलाय, इतकं नक्कीच सांगता येतं. पाच नमुना विमानं म्हणजे एक गमावलं तर पाचवा हिस्सा गेला. दक्षिण कोरियानं आपल्या केएफ-२१ या लढाऊ विमानाच्या चाचण्यांसाठी सहा विमानं आणि दोन हजारांच्या आसपास उड्डाणं आखली होती, आणि ते विमान शस्त्रं बाहेरूनच टांगतं. आतल्या कप्प्यात शस्त्रं नेणाऱ्या ॲम्काला पाच पुरतील का, हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनं आत्ताच विचारावं, पहिल्या उड्डाणाआधी. आणि उड्डाण झाल्यावर दर अर्थसंकल्पी अधिवेशनात ॲम्काचा चाचणी अहवाल सभागृहासमोर ठेवायचं बंधन आजच घालावं. त्यासाठी नवं इंजिन लागत नाही, की परदेशी तंत्रज्ञानही लागत नाही.