अर्धा-एक ग्रॅमने काय होतं?

काय होतं? सांगतो. अर्ध्या-एक ग्रॅमपायी माझ्या बिनगिअरच्या स्कूटरचं कव्हर आज चौथ्यांदा उघडलंय, बेल्ट बाहेर लोंबतोय, नखांत काळी भुकटी रुतून बसलीय आणि सुट्टीचा अख्खा दिवस मातीत गेलाय. वर हे वाक्य मला ऐकवलं कुणी, तर रोलर विकणाऱ्याने. रोलर म्हणजे पुढच्या पुलीत बसणारे छोटे दंडगोल; इंजिन फिरलं की ते बाहेर फेकले जातात आणि बेल्टला पुलीवर वर ढकलतात. ज्या वस्तूत वजनाशिवाय बघण्यासारखं फारसं काही नाही, ती विकणारा माणूस मला विचारतो, "अहो, अर्धा-एक ग्रॅमने काय होतं?"

मी अंदाजपंचे काही मागवलं नव्हतं. मूळ रोलर 13 ग्रॅमचे. पूर्ण थ्रॉटलला टॅकोमीटरचा काटा 6800 आरपीएमवर थांबायचा आणि बेल्ट तिथेच वर चढायला लागायचा. इंजिनाचा खरा जोर 7500 च्या आसपास. म्हणजे जोर यायच्या आतच रेशो, म्हणजे जणू गिअर, पुढे सरकलेला आणि चढावर गाडी रडतेय. रोलरचा बाहेर फेकला जाण्याचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो आणि आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात. बाकी काही बदललं नाही, तर 6800 ला 13 भागिले 11 च्या वर्गमुळाने गुणायचं. आले साधारण 7400. म्हणून 11 ग्रॅमचे सहा, माप 18 बाय 14. कागदावर लिहून दिलं होतं, आकड्याखाली दोन रेघा मारून.

आलेल्या प्रत्येक रोलरवर ठसठशीत 11 उठवलेलं. एक उचलून वजनकाट्यावर ठेवला, 10.9. म्हटलं ठीक आहे. शितावरून भाताची परीक्षा केली, तीच नडली. गाडी बाहेर काढली आणि पूर्ण थ्रॉटलला काटा सरळ 7700 च्या पुढे. इंजिन किंचाळतंय आणि गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. दोन दिवस मी काय काय शोधत बसलो! बेल्ट घसरतोय का बघितलं. क्लचच्या अस्तरावर चकाकी आलीय का बघितलं. मागच्या पुलीला दाबून धरणारी काँट्रा स्प्रिंग काढून लांबी मोजली. पुलीच्या तोंडावर स्केचपेनने आडवी रेघ मारून बेल्ट कुठवर पुसतो तेही पाहिलं. रोलरवर संशय आला नाही, कारण त्यांच्यावर 11 लिहिलेलं होतं.

आज सकाळी सहाही बाहेर काढले, पुसले आणि एकेक करून तोलले. 10.9. 9.6. 9.4. 10.8. 9.7. 9.5. व्हायला हवे होते 66 ग्रॅम, भरले 59.9. सरासरी जेमतेम 10. त्याच गणितात 10 घातले की साडेसात हजारांच्या वर अडीचशे येतात, म्हणजे टॅकोमीटरचा काटा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. खोटं होतं ते रोलरवर. सहांत दोन एका वजनाचे, चार दुसऱ्या, आणि सगळ्यांवर एकच आकडा! दोन वजनं मिसळायचीच असतील तर तीन-तीन घेऊन एक सोडून एक बसवतात, तेही जाणूनबुजून. ही नुसती बेपर्वाई आहे.

आणि हे नेहमीचंच झालंय. या विषयात कुणालाच आकडा नको असतो. "हलके टाक, गाडी उडेल." किती हलके? आत्ता किती आहेत? आरपीएम कितीवर थांबतो? एकही प्रश्न नाही, थेट "हलके टाक". एका गॅरेजात मी म्हटलं की आधी टॅकोमीटर लावून बघू, तर तिथला माणूस माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी त्याच्याकडे उसने पैसे मागितलेत. दुसरा छातीठोकपणे सांगतो की जड रोलरने टॉप स्पीड वाढतो. अरे, पुलीचं तोंड तेवढंच, बेल्टची रुंदी तेवढीच, तर बेल्ट चढून चढून चढणार कुठे? आधीचे रोलर इतके हलके असतील की बेल्ट टोकापर्यंत पोचतच नसेल, तेव्हाची गोष्ट वेगळी. पण ती अट कुणी सांगत नाही.

जागेवरून निघताना गाडी दचकते म्हणून रोलर बदलून देणारेही भेटलेत. क्लच कितीवर धरणार हे क्लचच्या छोट्या स्प्रिंगा ठरवतात, पुढच्या रोलरचा तिथे संबंध काय? एकाने स्लायडर, म्हणजे रोलरऐवजी बसवायचे घसरते तुकडे, उलट्या तोंडाने बसवून दिले होते. दुसऱ्याने कोरडे चालणारे रोलर ग्रीसमध्ये बुडवून काढले, ते ग्रीस उडून बेल्टवर गेलं आणि गाडी निम्म्या रस्त्यात नुसती घरघरत राहिली. इम्पॅक्ट गनवाल्यांचा तर मला मनापासून संताप येतो. बेल्ट मागच्या पुलीत खोल दाबून पुढे ढिला ठेवायचा, मग नट हाताने बसवायचा आणि टॉर्क पान्याने आवळायचा. हे काम दोन मिनिटांचं आहे. यांनी गन लावली, बेल्ट दोन थाळ्यांच्या मध्ये चिमटला, नट घट्ट झाल्यासारखा वाटला आणि पुढे चालत्या गाडीत सुटला. शाफ्टचे दाते गेले ते माझे गेले. त्यांचं काय गेलं?

त्या दिवसापासून मी माझं कव्हर दुसऱ्या कुणाला उघडू देत नाही. स्क्रू कुठला कुठे जातो ते पुठ्ठ्यावर टोचून ठेवतो, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. एवढं जपून करायचं आणि शेवटी घात करायचा तो छापलेल्या आकड्याने.

जुने 13 चे परत घालावेत तर त्यांना एका बाजूने सपाट चट्टे पडलेत. बोटांत धरून फिरवले की नखाला कड लागते. ते पुलीच्या आतल्या उतारावर अडकत अडकत सरकणार, म्हणजे तेही बाद. गाडी उद्याही जागची हलत नाही.

वजनकाट्यावरच्या सहाही आकड्यांचे फोटो त्या रोलरवाल्याला पाठवले, त्यावर त्याचं हे उत्तर. आता त्याला एवढंच लिहिलंय की दुसरा सेट पाठवायच्या आधी सहाही रोलर तोल, प्रत्येकाचा आकडा लिहून पाठव, आणि दोन रोलरमध्ये 0.1 ग्रॅमपेक्षा जास्त फरक दिसला तर पाठवूच नकोस, माझे पैसे परत कर.