आजीची गाठ

सर्जरीच्या पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर म्हणजे रिपोर्ट पळवणारा, ड्रेसिंग करणारा आणि ऑपरेशनला जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर ओढून धरत कुणाच्या तरी खांद्यामागून पोटाचा अंदाज घेणारा माणूस. वर्ष सरत आलं, आता हाती सुई येणार म्हणेस्तोवर मार्च 2020 उजाडला. तातडीची सोडून बाकी ऑपरेशनं थांबली आणि आमचं शिक्षण मोबाइलमध्ये शिरलं.

मे महिन्यात कोविड वॉर्डातली पाळी संपवून नागपूरहून दारव्ह्याकडच्या आमच्या गावी पोचलो, तर पोलीस पाटील वेशीवरच हात जोडून उभे. "डॉक्टरसाहेब, गावाले तुमचा लय अभिमान हाय. पन 14 दिवस शायेत राहा लागन."

ज्या जिल्हा परिषद शाळेत बाराखडी गिरवली, तिथेच गुडघे हनुवटीला टेकवत मी शस्त्रक्रिया शिकू लागलो. नेटवर्क फक्त झेंड्याच्या खांबापाशी, तेही दोन कांड्या. ऊन 45 अंश. डोक्याला दुपट्टा बांधून मी खांबाला पाठ लावायचो आणि सरांच्या 'आवाज येतोय का?'ला अंगठा दाखवायचो. कुणाचा तरी माइक नेहमी चालू असायचा. एकदा सर दचकून म्हणाले, "व्हेंटिलेटर कुणाचा वाजतोय?" "कूलर आहे, सर."

पित्ताशयाच्या ऑपरेशनची फिल्म तर विसरणार नाही. सिस्टिक डक्टला, म्हणजे पित्ताशयाच्या नळीला, क्लिप लावायच्या ऐन क्षणी चित्र थिजलं. हललं तेव्हा पित्ताशय पिशवीत घालून बाहेर येत होतं. मधल्या काळात त्या रोग्याचं काय झालं, देव जाणे.

मग आली एका हाताने मारायची गाठ. पहिला फेरा तर्जनीने, दुसरा मधल्या बोटाने, म्हणजे दिशा उलटते आणि गाठ बसते. पहिला फेरा मी डोळे भरून पाहिला. दुसऱ्याला सर थिजले, तोंड उघडं, बोट हवेत. परत आले ते म्हणत, "कळलं ना सगळ्यांना?" मी अंगठा दाखवला. ऑपरेशन थिएटरात असतो तर सरांनी बोटांवर चिमटा हाणला असता आणि गाठ जन्मभर लक्षात राहिली असती. मोबाइलमधून चिमटा येत नाही.

सर म्हणाले होते, सुश्रुतानेसुद्धा शिष्यांना चिरायला कोहळा, दुधी, काकडी दिली होती. शिवायला कापड आणि मऊ कातडं. माझ्याकडे आईने भाजीला पाठवलेली वांगी होती. सिस्टरांनी दिलेल्या, तारीख उलटलेल्या सिल्कने, म्हणजे टाक्यांच्या रेशमी दोऱ्याने, मी ती एकेक चिरून शिवली. कोतवाल खिडकीतून बराच वेळ बघत राहिला आणि गावात सांगून आला, की पोट्ट्याच्या डोक्यात गेला कोरोना.

संध्याकाळी आजी आली. गोधड्या शिवण्यात जन्म गेलेली बाई. तिने गजातून हात घातला, वांगं घेतलं, चष्मा सारखा केला.

"टाके बराबर हायेत. जरा दूर दूर हायेत." मग दोन बोटांनी दोरा ओढला. गाठ सरसर सरकली आणि वांग्याने आ वासला. "काहून रे बाप्पा? अशी गाठ म्हशीले मारली तं म्हैस दिग्रसले जाईन."

तिने सिल्क हातात घेऊन सावकाश गाठ मारून दाखवली. दुसरा फेरा उलटा. सर जिथे थिजले होते, नेमकं तिथून पुढचं. नेटवर्क फुल. मी पुन्हा तर्जनीनेच गेलो तेव्हा तिने गजातून माझ्या बोटांवर चष्म्याची दांडी हाणली.

आनंदाच्या भरात मी सांगून बसलो, "आजी, अशा सुटणाऱ्या गाठीला इंग्रजीत 'ग्रॅनी नॉट' म्हणतात. म्हणजे आजीची गाठ."

आजीने वांगं परत माझ्या हातात कोंबलं. "कोन म्हनते? आन त्याले इकडे. 14 दिवस ठेवू शायेत."