किल्लेदाराचं पोर्तुगीज

परवा देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे केला, तर भटजी म्हणाले, "सिन्योर, उजवा हात." मागच्या दोन पोरी फिसकन हसल्या. उजव्या हातात मोबाईल होता हे कबूल. पण सिन्योर? माझा जन्म प्रियोळच्या कुळागरातला. पोर्तुगीज मला पाव, मेज आणि जनेल यांच्या पलीकडे येत नाही. तरी गेला आठवडाभर पाववाल्या पोदेरापासून भटजींपर्यंत सगळा गाव मला याच नावाने हाका मारतोय. याला जबाबदार दोघे. एक मेलेला कॉम्प्युटर आणि एक जिवंत सदूमाम.

कॉम्प्युटर मेला ती हकिगत फार नाही. ऑक्टोबरातला संध्याकाळचा पाऊस, डोंगराकडे गडगडाट, मी जत्रेच्या नाटकाची संहिता सेव्ह करतोय, आणि नेमकी तेव्हाच लाईट डोळा मिचकावून परत आली. यूपीएस होता. त्याची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच वारली होती, पण आईने त्यावर फुलदाणी ठेवल्यामुळे तो फर्निचरमध्ये जमा झाला होता. पुन्हा चालू केलं तर निळा पडदा, आपोआप बंद, पुन्हा निळा पडदा. आणि डब्यातून टक्... टक्... असा आवाज, पाल चुकचुकल्यासारखा.

फोंड्यातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने आवाज ऐकायच्या आधीच निदान केलं. "फॉरमॅट मारूया."

"आणि आतल्या फायली?"

"त्यो वतल्यो. पूण मशीन नवें कशें जातलें."

माणूस डॉक्टर झाला असता तर त्याने पेशंट जाळून खाट स्वच्छ करून दिली असती.

ही संहिता म्हणजे काय ते गोव्याबाहेरच्यांना सांगायला हवं. आम्ही बोलतो कोकणीत, भांडतो कोकणीत, पण देवळाच्या मांडवात रंग लावून उभे राहिलो की "महाराज, गनीम वेशीपर्यंत येऊन ठेपला आहे!" जत्रेचं नाटक मराठीच. यंदाचं ऐतिहासिक, तीन अंकी, गावातल्याच एका मास्तरांनी लिहिलेलं. टायपिंग माझ्याकडे, प्रॉम्प्टिंगही माझ्याकडे, कारण अभिनय येत नाही अशी माझी पंचक्रोशीत ख्याती आहे. पुस्तिका छापणाऱ्या प्रेसवाल्याला मात्र 25 वर्षांपूर्वीचाच एक फाँट लागतो. तो फाँट, त्याचा कीबोर्ड आणि त्याचा सगळा संसार फक्त माझ्या जुन्या विंडोज सेव्हनवर नांदतो. म्हणून ते मशीन मी सांभाळून ठेवलं होतं, म्हाताऱ्या बैलासारखं.

फायली काढायचा उपाय मला माहीत होता. कपाटात कागदी पाकिटात युबंटूची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या एका फुकट सिस्टीमची, एक लाईव्ह सीडी होती, 2010 सालची. तेव्हा ती मंडळी मागेल त्याला घरपोच सीडी फुकट पाठवत असत. 2011 मध्ये त्यांनी ही खिरापत बंद केली. ती सीडी घालून मशीन सुरू केलं की अख्खी सिस्टीम सीडीवरून थेट रॅममध्ये उभी राहते. हार्ड डिस्कवरचं विंडोज मेलेलं असो की मरणाच्या दारात असो, त्याला विचारावंच लागत नाही. डिस्कमधून हव्या त्या फायली उचलायच्या, पेनड्राईव्हवर टाकायच्या आणि सटकायचं.

पाकीट उघडलं तर सीडीवर बुरशी. आमच्याकडे पावसाळ्यात चपलेला, कातडी पट्ट्याला, लग्नाच्या अल्बमला बुरशी येते, सीडी काय आभाळातून पडली? मऊ फडकं घेऊन मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसत गेलो. गोलगोल पुसली तर ओरखडा रेघेच्या दिशेने जातो आणि सीडी कायमची आंधळी होते. एवढं नाजूक काम मी स्वतःच्या लग्नातसुद्धा केलं नव्हतं. तेवढ्यात दारात सावली पडली.

"किदें जालें रे? मशीन मेलें म्हूण आयकलें."

सदूमाम. वय 74. देवळाच्या नाटकात गेली 50 वर्षं मरतायत. म्हणजे त्यांची खासियतच ती. तरुणपणी दुसऱ्या अंकात तलवारीने मरत, नंतर विषाने, आता वयोमानाने. बायका सांगतात, सदूमाम मेल्याशिवाय जत्रा झाल्यासारखी वाटत नाही. यंदा ते वृद्ध किल्लेदार. ते माझ्यामागे कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसले आणि पुढचे साडेचार तास, पाव घ्यायला गेले तेवढं सोडलं तर, उठले नाहीत. मला वाटलं, काळजीपोटी आले असतील.

"हें किदें करता तूं?"

मी समजावलं, विंडोज चालत नाही, म्हणून सीडीवरून दुसरी सिस्टीम सुरू करतोय.

"विंडो म्हणजे जनेल न्ही?"

"हो."

"मग जनेल बंद तर दारातून जा. त्यात शिकायचं काय आहे?"

लाईव्ह सीडीचं इतकं नेमकं स्पष्टीकरण मी आजवर कुठेही वाचलेलं नाही, आणि याचाच मला जास्त राग आला.

डिलीटचं बटण बडवून बायॉसमध्ये, म्हणजे सिस्टीम सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, गेलो, सीडी ड्राईव्हला पहिला मान दिला. सीडी घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. पाचेक मिनिटांनी वांग्याच्या रंगाचा पडदा आला आणि दोन बटणं. एक ट्राय, एक इन्स्टॉल. ट्राय दाबलं तर डिस्क सुरक्षित. इन्स्टॉल दाबून पुढे होय होय म्हणत गेलं तर डिस्क साफ, नाटक गनिमाच्या आधीच गारद.

"इन्स्टॉल दाब," सदूमाम म्हणाले.

"नको, माम. ट्राय."

"ट्राय म्हणजे प्रयत्न. इन्स्टॉल म्हणजे पक्कं काम. तुम्ही आजकालची पोरं नुसते प्रयत्न करता." आणि त्यांचं बोट खरोखरच माउसच्या दिशेने निघालं. मी त्यांचा हात धरला. वडीलधाऱ्या माणसाचा हात असा धरायची वेळ माझ्यावर यापूर्वी एकदाच आली होती, पंगतीत, श्रीखंडाच्या वेळी.

डिस्क दिसली. टक् टक् करत का होईना, फोल्डर उघडले. मरायला टेकलेल्या डिस्कला दुरुस्त करत बसायचं नसतं, आधी सगळ्यात महत्त्वाची फाईल उचलायची, कारण डिस्क पुढचा श्वास घेईल याची खात्री नसते. मी नाटकाची फाईल शोधली. सापडली. आकार 0 बाईट. सेव्ह होता होताच लाईट गेली होती. तीन आठवड्यांच्या तालमीत दिग्दर्शकाने केलेली काटछाट, बदललेले संवाद, सगळं शून्य.

शेजारीच त्याच नाटकाची गणपतीच्या वेळची प्रत होती. तिला मी स्वतः 'जुने, वापरू नका' असं नाव दिलेलं. ती पेनड्राईव्हवर घेतली आणि उघडली.

आणि पडद्यावर उमटली नुसती रोमन अक्षरं. ती पण धड नव्हेत. ए वर नागमोडी रेघ, ओ वर दोन ठिपके, सी ला खाली शेपूट, मध्येच पौंडाचं चिन्ह. ओळीच्या ओळी.

कारण मला एका सेकंदात कळलं. या जुन्या फाँटमध्ये मराठी नसतंच. आत रोमन अक्षरंच असतात, वरून त्यांना देवनागरीचे मुखवटे चढवलेले असतात. फाँट नसेल तिथे मुखवटा गळून पडतो. युबंटूत तो फाँट कुठून असणार? हे सगळं मी सदूमामांना सांगायला तोंड उघडलं, पण ते आधीच चष्मा लावून पुढे सरकले होते.

"आरे," ते म्हणाले, आवाज एकदम हळवा. "हें पोर्तुगेज!"

"नाही, माम. हे फाँटमुळे..."

"तुका कळना. राव, हांव वाचतां."

सदूमाम पोर्तुगीज शाळेत प्रिमेर ग्रावला होते तेव्हा 19 डिसेंबर 1961 उजाडला. भारतीय सैन्य आलं, गोवा मुक्त झाला, आणि सदूमामांचं पोर्तुगीज पुस्तक अर्ध्यात राहिलं. त्यानंतर वाचून दाखवायची संधी आली ती थेट माझ्या मॉनिटरवर. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. बोटाला तपकीर होती, ती अजून तिथेच आहे.

"हा बघ, आ वर तील. म्हणजे नाकातून म्हणायचं. आंव." त्यांनी नाकातून म्हटलं. "सी ला शेपूट म्हणजे सेदील्य. हा स. आंव... स... आंव." बाहेर अंगणात कुत्रा उठून बसला.

"माम, ते मराठी आहे."

"ओ वर दोन ठिपके?" ते थबकले. चष्मा काढला, पुसला, लावला. "असे ठिपके आमच्या वेळी नव्हते."

"कारण ते पोर्तुगीज नाही!"

"पोर्तुगेजच. पण नवं. सालाझार गेल्यावर तिथे शिस्तच राहिली नाही." आणि त्यांनी ठिपकेवाली अक्षरं सोडून देऊन उरलेली वाचायला घेतली. नाकातून, चांगला खणखणीत नाटकी आवाज लावून. आई स्वयंपाकघरातून आली, हात जोडून दारात उभी राहिली. तिला वाटलं मंत्र चाललेत. बायको आली. शेजारच्या दोन पोरी आल्या, त्याच त्या तीर्थाच्या रांगेतल्या. एकीने विचारलं, किल्लेदार पोर्तुगीज कसे बोलतात? सदूमाम तिला म्हणाले, "कॉम्प्युटराने भाषांतर केलं. हा शिकलेला आहे ना, त्याने बटण चुकीचं दाबलं."

इथे माझी सहनशक्ती संपली. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी असलेल्या सामायिक पद्धतीत, देवनागरी 1991 पासून आहे. या फोनवर आज शेंबडं पोरदेखील मराठीत टाईप करतं. आणि मी, दोन पदव्यांचा माणूस, एका प्रेसवाल्याच्या हट्टापायी मुखवट्यांची भाषा टाईप करतोय, फुकटात. त्याची बॅकअप प्रतही कुणी विचारत नाही. नाटक छान झालं की दिग्दर्शकाचा सत्कार, शाल, श्रीफळ. टाईप करणाऱ्याला काय? चुका. "तुझ्या हातून 'शत्रू'चा 'शतू' झाला." बरं, मशीन बिघडलं तर गावातल्या अर्ध्या लोकांच्या प्रिंटरपर्यंत मीच पळायचं. एकदा तर मला मिक्सर बघायला बोलावलं होतं. असो.

पोदेराचा भोंगा वाजला आणि सदूमाम उंडे घ्यायला बाहेर गेले. तेवढ्यात मला सुचलं. विंडोज मेलं असलं तरी त्याचा फोल्डर डिस्कवर आहेच, आणि फाँटची फाईल त्याच्याच फाँट्स नावाच्या पोटफोल्डरमध्ये झोपलेली असणार. गेलो, टक् टक् ऐकत शोधली, उचलली. युबंटूच्या होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारा, एरवी न दिसणारा फाँट्सचा फोल्डर बनवला, त्यात टाकली. फाईल बंद केली. उघडली.

"प्रवेश पहिला. गडाचा पायथा. पहाट."

मी टेबलावर हात आपटला. या क्षणाला साक्षीदार कोण? कुणी नाही. आई चहाला गेलेली, पोरी पळालेल्या, बायको मेहुण्याच्या लग्नाचा व्हिडिओ कॉपी का होत नाही म्हणून फुरंगटून बसलेली. पेनड्राईव्ह फॅट-32 चा, त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही, हे मी तीनदा सांगितलं. तिचं मत, माझ्या माहेरचंच काही कसं मावत नाही.

सदूमाम परतले. काखेत उंडे. पडद्याकडे बघितलं.

"परतलें मराठींत?" मग सावकाश मान हलवली. "बरोबर. मी वाचत होतो ना. लाजलं ते."

आणि न विचारता माउस हातात घेऊन सरसर खाली गेले. पहिला अंक गेला. दुसरा सुरू झाला. माउस धरायला या माणसाला कुणी शिकवलं? प्रवेश चौथ्यावर ते थांबले, आणि साडेचार तासांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

किल्लेदाराच्या मरणाचं स्वगत. पूर्ण. दीड पान.

दिग्दर्शकाने दसऱ्यानंतर ते कापून दोन ओळींवर आणलं होतं. "किल्लेदार (कोसळतो): गड सांभाळा." बस. ती काटछाट 0 बाईटमध्ये गेली होती, आणि 'जुने, वापरू नका' मध्ये किल्लेदार अजून ऐसपैस मरत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, हा माणूस माझ्यामागे कदेल टाकून का बसला होता.

"हीच खरी प्रत," सदूमाम म्हणाले. "छाप."

दुसऱ्या दिवशी तालमीत त्यांनी जाहीर केलं, पोराने नाटक पोर्तुगीज करून ठेवलं होतं, मी ते मराठीत आणलं, देवाची इच्छा की स्वगत पुरं राहावं. दिग्दर्शक माझ्याकडे बघत राहिला. मी बायॉस, रॅम, फाँट असं काहीतरी पुटपुटलो. मागून कुणीतरी ओरडलं, "सिन्योर, मराठींत सांग!" तिथून सुरुवात.

काल पहिल्यांदा ते स्वगत उभं राहून झालं. मी विंगेत, हातात टॉर्च आणि प्रिंट. सदूमाम बाण लागून डगमगले, खांब धरला, खांब सोडला, गुडघ्यावर आले, आडवे झाले. सात मिनिटं गेली, गड, माती, मुलगा, धनी, सगळ्यांचा निरोप घेऊन झाला. आठव्या मिनिटाला शांतता. छान शांतता, मला वाटलं अभिनय. मग किल्लेदाराने मिटलेल्या डोळ्यांतला एक किंचित उघडला, मान विंगेकडे वळवली, आणि कुजबुजला:

"सिन्योर, फुडें किदें?"