कॉफीबरोबर चौकशी फुकट
आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरील कॉफीच्या दुकानात मी रविवारी उपासना आटोपून निवांत बसावयास जातो, आणि माझे ख्रिस्ती नाव कानी पडताच शेजारच्या टेबलावरील कोणी तरी, जणू शिरगणतीचे काम त्याच्याकडेच सोपविले आहे अशा थाटात, 'पण तुमचे मूळ आडनाव काय?' असे विचारतोच. पुढचे प्रश्न मला तोंडपाठ आहेत. घरी इंग्रजीच बोलता ना? मग मराठी इतके शुद्ध कसे? इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे मराठीतील ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या कविता या मंडळींनी शाळेत घोकल्या, तरीही चमत्कार माझ्या मराठीचाच! मी प्रोटेस्टंट आहे, म्हणजे पोपना न मानणाऱ्या पंथाचा, हे शंभरदा सांगूनही पोपमहाशयांच्या प्रत्येक विधानाचा खुलासा माझ्याकडेच मागितला जातो. उपवासकाळात साबुदाण्याची खिचडी चालते का, हा प्रश्न निदान आपुलकीचा तरी असतो. (आमच्यातील काही बंधूही कमी नाहीत, वेटरने पाणी ठेवले की त्याच्या आत्म्याच्या तारणाची चिंता वाहू लागतात.) परंतु गुड फ्रायडेला, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, हसतमुखाने हात पुढे करून 'हॅपी गुड फ्रायडे' म्हणणाऱ्यास मी दरवर्षी काय उत्तर द्यावे?