‘वर्षापर्यंत दूधच पुरतं’ म्हणणाऱ्या मजकुराबद्दल

बाळाच्या आहाराबद्दलचा एक पाच मुद्द्यांचा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. भाषा ठाम आणि शेवटी ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’ अशी विनंती. थोडक्यात तो असा: वर्षापर्यंत दूधच पुरतं आणि वरचं खाणं म्हणजे नुसती गंमत, बाळ गुटगुटीत असेल तर त्याला काही कमी पडत नाही, अंडं आणि शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत तोंडाला लावू नका, डीएचए (ओमेगा-३ प्रकारचं एक स्निग्धाम्ल) दिलं की बुद्धी वाढते, आणि पहिले हजार दिवस (गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत) खाणं सांभाळलं की मेंदू आपोआप घडतो. प्रत्येक मुद्द्यात खऱ्याचा एक तुकडा आहे, म्हणूनच तो खोडायला जरा वेळ लागतो.

पहिल्या मुद्द्यातलं खरं आधी मान्य करते. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नको, ही जागतिक आरोग्य संघटनेचीच शिफारस. सहा महिन्यांनंतरही दूध लगेच मागे पडत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ६१५ किलोकॅलरी लागतात, त्यातल्या २०० च्या आसपास वरच्या अन्नातून येतात, बाकीचं दूधच भागवतं. उष्मांकांच्या हिशेबात मजकूर फारसा चुकत नाही. त्याचं गणित फसतं लोहापाशी.

आईच्या दुधात लिटरमागे जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिग्रॅम लोह असतं. ते शोषलं मात्र छान जातं, अगदी निम्मं धरा. म्हणजे पाऊण लिटर दूध पिणाऱ्या बाळाच्या अंगी लागतं फार तर ०.१५ मिलिग्रॅम. सात-आठ महिन्यांच्या बाळाच्या शरीराला लागतं रोज ०.७ च्या आसपास. यात दुधाला नावं ठेवण्यासारखं काही नाही, कारण बाळ येताना लोहाची शिदोरी घेऊनच येतं. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती भरते, त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाची लवकर संपते. (जन्मल्यावर नाळ लगेच न बांधता एक ते तीन मिनिटं थांबलं तर या शिदोरीत भर पडते. बिनखर्चाचा उपाय, पण मजकूर लिहिणाऱ्याला तो सुचलेला नाही.) पूर्ण दिवसांच्या बाळाची शिदोरीही सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येते. पुढचं लोह ताटलीतूनच यायला हवं. लोह घातलेला फॉर्म्युला (बाळांसाठीचं डब्यातलं दूध) पिणाऱ्या बाळाचा हिशेब वेगळा, पण मजकुरात तसा फरक केलेला नाही.

आता लोहाचा आणि मेंदूचा संबंध. मज्जातंतूंवर चढणारं मायलिनचं आवरण, डोपामिनसारखी संदेशवाहक रसायनं आणि स्मरणाशी जोडलेला हिप्पोकॅम्पस, या तिन्हींच्या घडणीत लोह लागतं, आणि ही घडण नेमकी याच महिन्यांत जोरात चालू असते. संशोधक बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टा रिकातल्या १९१ बाळांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. ज्यांची लोहाची कमतरता तीव्र आणि जुनी होती, त्यांना औषध देऊन ॲनिमिया बरा झाला. तरीही पाचव्या वर्षी, पुढे किशोरवयात आणि एकोणिसाव्या वर्षीही त्यांचे चाचण्यांतले गुण इतरांपेक्षा कमीच राहिले, गरीब घरांतल्या मुलांचे तर आणखी मागे पडले. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. सगळा दोष लोहाच्याच माथी मारता येत नाही, गरिबीचाही वाटा त्यात आहे. पण ‘वर्षानंतर बघू’ म्हणण्याइतका हा धोका लहान नाही.

म्हणून सहा महिने पूर्ण झाले की सुरुवातीलाच मऊ शिजवून घोटलेली डाळ, मांस किंवा अंडं द्यावं. डाळीतलं लोह नीट शोषलं जावं म्हणून सोबत क जीवनसत्त्व असलेलं फळ. पहिल्या आठवड्यात चमच्यातलं अर्धं हनुवटीवर ओघळतं, कारण पुढे आलेली वस्तू बाहेर ढकलायची जिभेची सवय अजून पुरती गेलेली नसते. बाळ तोंड वेडंवाकडं करतं आणि घरातलं कुणीतरी निकाल देतं, ‘आवडत नाही वाटतं.’ इतक्यात निकाल द्यायची घाई नको. एखादी नवी चव पटायला आठ-दहा वेळा समोर यावी लागते. आणि सगळं कायम मिक्सरमधून गुळगुळीत करूनही चालत नाही. नऊ-दहा महिन्यांपर्यंत गुठळ्यांचं खाणं न मिळालेली मुलं पुढे खाण्याच्या बाबतीत जास्त किरकिरी निघतात, असं दिसलेलं आहे. गंमत तर त्यात असतेच, पण चावायचं, गिळायचं शिक्षणही तिथेच होतं.

गुटगुटीतपणाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. बाळसं उष्मांकांनी येतं. लोह किंवा बी-१२ कमी आहे की नाही ते गालांवर दिसत नाही. वर्षाच्या आत गाईच्या दुधाच्या बाटल्यांवर वाढलेलं बाळ गोंडस आणि फिकट दोन्ही असू शकतं, कारण त्या दुधात लोह नगण्य असतं आणि कोवळ्या आतड्यातून त्यामुळे नकळत थोडं रक्तही जाऊ शकतं. आईलाच बी-१२ कमी असेल तर अंगावर पिणारं बाळ हसायचं कमी होतं, आधी जमणारी हालचाल विसरतं. तिथे वजनाच्या काट्यावर विसंबून राहायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.

शेंगदाण्याचा सल्ला मात्र मजकूरवाल्यांनी मनचा काढलेला नाही. २००० साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांसाठी तो दिला होता: अंडं दोन वर्षांनी, शेंगदाणा तीन वर्षांनी. २००८ मध्ये तो मागे घेतला गेला. मग २०१५ मध्ये ‘लीप’ चाचणीचे निकाल आले. तीव्र एक्झिमा (त्वचेवर खाज सुटणारा पुरळ) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं त्यात घेतली होती. शेंगदाणा टाळलेल्यांपैकी पाचव्या वर्षी १७.२ टक्के मुलांना त्याची ॲलर्जी होती. लहानपणापासून खाणाऱ्यांपैकी ३.२ टक्क्यांना. लांब ठेवल्यानेच धोका वाढत होता. तीव्र एक्झिमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि दाणा अख्खा कधीच देऊ नये, घशात अडकतो. मऊ वाटून, पातळ करून द्यावा. वर्षाच्या आत खरोखर टाळायचा पदार्थ म्हणजे मध, बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या बीजाणूंमुळे. तो मजकुरात ‘शक्तिवर्धक’ म्हणून आलाय!

डीएचए मेंदूत असतं, आईच्या दुधातही असतं, इथवर ठीक. पण पूर्ण दिवसांच्या बाळांच्या फॉर्म्युल्यात ते वेगळं घालून झालेल्या चाचण्यांपैकी बहुतेकांत बुद्धीला फायदा दिसलेला नाही. सात जुन्या फॉर्म्युला-चाचण्यांतल्या मुलांचे शाळेतले निकाल तपासून २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये अभ्यास झाला. त्यातही बदललेल्या फॉर्म्युल्याने सोळाव्या वर्षीच्या गुणांत भर पडलेली आढळली नाही.

उरला ‘आपोआप’ हा शब्द, ज्याचा मला सगळ्यात राग येतो. आहाराचा परिणाम खोल असतो, याचा भक्कम पुरावा ग्वाटेमालातून येतो. तिथे १९६९ ते १९७७ या काळात दोन गावांत लहान मुलांना प्रथिनांचं पेय दिलं, दोन गावांत बिनप्रथिनांचं गोड पेय. पहिल्या दोन वर्षांत प्रथिनांचं पेय मिळालेले मुलगे मोठेपणी तासाला ४६ टक्के जास्त कमवत होते. पण जमैकात खुंटलेल्या वाढीच्या १२९ बाळांवर झालेला प्रयोग शेजारी ठेवून पाहा. काहींना पूरक आहार मिळाला, काहींच्या घरी दर आठवड्याला एक कार्यकर्ती तासभर येऊन आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवायची, काहींना दोन्ही मिळालं. दोन वर्षांनंतर आहार आणि खेळ दोन्हींचा फायदा दिसला. मुलं बाविशीची झाली तेव्हा नुसत्या आहाराचा ठसा उरला नव्हता. ज्यांच्या घरी ती बाई टाकाऊ वस्तूंची खेळणी पिशवीत घालून यायची, त्यांची कमाई मात्र चौथ्या हिश्श्याने जास्त होती.