देवीला सौम्य करू नका

नवरात्र जवळ आलं की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. कोल्हापूरची करवीरनिवासिनी ही विष्णुपत्नी लक्ष्मी की स्वयंभू आदिशक्ती अंबाबाई? एकजण तिरुपतीहून येणाऱ्या शालूचा दाखला देतो, दुसरा मूर्तीमागच्या सिंहाचा. 2017 मध्ये पुजाऱ्यांनी देवीला घागरा-चोली घातली तेव्हा कोल्हापूर केवढं संतापलं होतं! त्यातूनच पुढे 2018 मध्ये वंशपरंपरागत पुजाऱ्यांऐवजी पगारी पुजारी नेमण्याचा कायदा झाला. जर्मनीतल्या माझ्या मराठी मित्रांना हे सगळं रिकामपणाचं भांडण वाटतं. मला तसं वाटत नाही.

कारण इथे जर्मनीत देवी भेटते ती भलत्याच रूपात. ‘स्त्रीऊर्जा’ नावाच्या एका कार्यशाळेला मी गेले होते. भिंतीवर कालीचं चित्र, तिच्या हातात कापलेलं मुंडकं, आणि समोर बसलेली शिक्षिका सांगत होती की स्त्रीऊर्जा म्हणजे मृदू, शांत, सगळं सामावून घेणारी. माझ्या शेजारची बाई घटस्फोटातून जात होती. खूप महिन्यांनी मन हलकं झालं म्हणाली. तिला मिळालेला दिलासा खराच होता. पण त्या दोन तासांत चित्रातल्या मुंडक्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

दुर्गासप्तशती या देवीच्या स्तुतिग्रंथाच्या पाचव्या अध्यायात देव जिची स्तुती करतात ती दया आणि शांती आहेच, शिवाय निद्रा आहे, क्षुधा आहे, तृष्णा आहे, भ्रांतीसुद्धा आहे. पोटात उठणारी भूक ही देवी! माझ्या मते शक्तीचा अर्थ इथे आहे. जे जे प्राण्याला हलवतं, पछाडतं, जगवतं, ते सगळं ती. त्यातलं सोयीचं तेवढं उचलायचं आणि बाकीचं झाकायचं, ही उपासना नव्हे.

म्हणूनच कोल्हापूरचा वाद मला मोलाचा वाटतो. सप्तशतीला जोडलेल्या ‘प्राधानिक रहस्य’ या परिशिष्टातली महालक्ष्मी सर्वांची आद्या आहे. महाकाली आणि महासरस्वती तिच्यातूनच प्रकटतात. तिच्या हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, मस्तकावर नाग आणि लिंग. कोल्हापूरच्या मूर्तीशी हे वर्णन जुळतं. मग महालक्ष्मी म्हटलं तरी ती कुणाची पत्नी ठरत नाही. मी या वादात उघडपणे अंबाबाईच्या बाजूची आहे.

पण त्याच ग्रंथाचा अकरावा अध्याय जगातल्या सर्व स्त्रियांना देवीचीच रूपं म्हणतो, आणि तो म्हणणाऱ्यांनीच बायकांना गाभाऱ्याबाहेर ठेवलं. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला मंदिरप्रवेशाच्या 1956 च्या कायद्याची आठवण करून द्यावी लागली. देवीच्या दारात बाईने हक्कासाठी कायदा दाखवावा, याचं दुःख मला आजही आहे.

इथे आमच्या मंडळात घट बायकाच बसवतात. ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये माती, हीटरशेजारी उगवलेले फिकट पिवळे गव्हाचे कोंब. पाठही बायकाच करतात, पाळीचं कुणी विचारत नाही. ही मोकळीक मला प्रिय आहे, तरी ती विचारातून आलेली नाही. गुरुजी मिळत नाहीत म्हणून आलीय. उद्या गुरुजी मिळाले तर ती टिकेल का, हा प्रश्न मंडळात अजून कुणी काढलेला नाही. यंदा पाचवा आणि अकरावा अध्याय अर्थासह वाचायचा, असं मी सुचवलंय. वाद होईल, आणि तो व्हायलाच हवा.