डिफ्लेक्शन पास!

बास गिटारची नेक, म्हणजे मान, मापताना मागे माणूस नको. पण सोसायटीत राहायचं आणि दार उघडं ठेवायचं, तर हा हट्ट चालत नाही.

काल तारा सुरात लावून, पहिल्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, अडकवून, सर्वांत जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली फीलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांची जुडी) 0.30 चं पातं सरकवत होतो. पातं तारेला जेमतेम चाटून जायला हवं. तेवढ्यात वरचे काका आत. सरकारी खात्यात पूल बांधून निवृत्त.

"काय रे, काय मोजतोयस?"

"नेकचा बाक, काका. आतल्या सळईने, ट्रस रॉडने, जुळवायचाय."

"रॉड? म्हणजे बीमच की! लोड किती?"

"चारही तारांचा मिळून ऐंशी किलोच्या आसपास."

काकांनी खिशातून टेप काढली. लोक खिशात रुमाल ठेवतात. नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) शेवटच्या फ्रेटपर्यंत मापलं. "590. डिफ्लेक्शन? बाक किती?"

"0.3."

"सेंटिमीटर?"

"मिलिमीटर."

काका असे हसले की माझं पातं निसटलं. "अरे, काँक्रीटचं मानक, आयएस 456 बघ! स्पॅन भागिले 250. म्हणजे 2.36 मिमीपर्यंत माफ. तुझा बीम जवळजवळ आठपट पास आहे. कशाला छळतोस त्याला?"

"2.36 ठेवला तर तार दाबायला तुमचा जॅक लागेल, काका."

"मग आवळ."

"एका वेळी पाव फेरा. पुन्हा सुरात लावायचं, पुन्हा मापायचं."

"पाव फेरा! अशाने आमचे पूल आजवर उभे राहिले नसते." असं म्हणून घरून ॲलन कीचा संच घेऊन आले. माझ्या रॉडच्या नटाचं भोक 1/8 इंची, म्हणजे 3.175 मिमी. काकांची किल्ली 3 ची. "बसते की!" बसते, तिथेच घात आहे. ढिली किल्ली नटाचे कोपरे खाते, आणि मग रॉड ना आवळता येतो ना सैल करता येतो. मी बास उचलून पोटाशी धरली. काका फुगले. आज जिन्यात ऐकलं, "पोराने वाकडी गिटार आणलीय, वर हात लावू देत नाही."

निदान काकांनी मापलं तरी. दुकानात पैसे मोजून सेटअप करून घ्या. रॉडला हात न लावता सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात त्या ठोकळ्या) तेवढ्या खाली करून देतात. मग पहिल्या चार-पाच फ्रेटांवर बझ, म्हणजे तार फ्रेटला घासून खरखरते. अहो, खालच्या फ्रेटांवरच बझ असेल तर बहुतेक वेळा बाक कमी असतो, रॉड सैल करायचा! बाराव्याच्या पुढे असेल तर सॅडलकडे बघा. आधी बाक, मग 17 व्या फ्रेटवर ई तारेखाली 2 ते 2.4 मिमी, आणि शेवटी इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा सूर) चढा लागला तर सॅडल मागे. एवढंच. पण फीलर गेज मागितलं तर तिथला मुलगा विचारतो, "कुठल्या कंपनीचं पॅडल?" शेवटी गॅरेजवाल्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळालं, विनाप्रश्न.

तारेची उंची मापायला आता डेप्थ गेज हवंय. काकांकडे आहे. पण मागायची सोय उरलेली नाही.